दाजींना समुद्राला नेलं

माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाला सायकल द्यायचं कबूल झालं होतं. नुसती सायकल नाही, कोरी करकरीत सायकल. वडील गिरणीत कामाला होते, आणि दुष्काळाच्या पाठोपाठ लग्न निघाल्यामुळे ती कोरी करकरीत सायकल काही जमली नाही. मग ज्या सायकलवरून ते वीस वर्षं गिरणीत जात होते तीच त्यांनी घासली, पुसली आणि काळ्या रंगाने रंगवली. आऱ्यांना चंदेरी रंग दिला, हँडलला गोंडे बांधले आणि मांडवात आणून उभी केली. चूक एवढीच झाली की रंग आदल्या दिवशी दिला होता आणि तो वाळला नव्हता.

फोटोवाल्याच्या आग्रहामुळे नवरदेव सायकलवर बसले. उतरले तेव्हा पांढऱ्या पँटीच्या मागच्या बाजूला सीटचा नकाशा उमटला होता. वऱ्हाडातल्या कुणीतरी शहाण्याने नळीवरचा रंग नखाने खरवडून बघितला. खालून जुना हिरवा रंग निघाला, त्याच्याखाली गंज निघाला, आणि मग बाकीचं सगळंच निघालं.

जावयाने रुसायचं असतं, ती आपल्याकडची पद्धतच आहे. पण तो रुसवा पंगत उठेपर्यंतचा असतो. आमच्या दाजींचा दोन वर्षं टिकला. ते होटगीला रेल्वेत होते. होटगीहून सोलापूर एका स्टेशनवर. कामासाठी सोलापूरला आले की आमच्या गल्लीत येत, ओट्यावर टेकत, बहिणीचा निरोप सांगत आणि उठत. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. येत मात्र त्याच सायकलवर. म्हणजे राग सायकलीचा आणि बसायचं सायकलवर, असा तो प्रकार होता.

इथवर आम्ही चालवून घेतलं. पण बहिणीला दिवस गेले आणि दाजींनी जाहीर केलं, "बाळंतपन हितंच हुईल. मी तिला म्हायेरी पाठवनार न्हाय."

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्यात मुलीला घेऊन यायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. आईचं जेवण गेलं. ती दोनदा होटगीला जाऊन आली. दाजी नम्रपणे स्टूल द्यायचे, चहा द्यायचे, आणि म्हणायचे, "मी शबुद दिलाय." कुणाला दिलाय ते काही सांगत नसत.

त्याच हिवाळ्यात मी आणि माझा एक मित्र सायकलने कोकणात जाऊन समुद्र बघायचं ठरवत होतो. मित्र विणकराच्या घरातला. घरी तेलुगू बोलायचा, बाहेर आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचा, आणि भांडायचा दोन्हीत. आम्ही दोघांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर बघितला होता. मी होटगीला डिंकाचे लाडू द्यायला गेलो तेव्हा बोलता बोलता हे निघालं. दाजींनी लाडू बाजूला ठेवला.

"तुमी दोघं? घाट चढनार? मांड्यात जोर हाय का? मी येतो. वाट मी दावतो."

रेल्वेचा माणूस, खिशात पास, आणि हा आमच्याबरोबर समुद्रापर्यंत पायडल मारणार. मी हादरून घरी आलो. आई मात्र एकदम उठून बसली.

"घेऊन जा त्यास्नी," ती म्हणाली. "बारा दिवस हायेत तुझ्या हातात. त्यांच्या तोंडातनं 'पाठवतो' एवढं वदवून आन. त्ये म्हनतील त्येला व्हय म्हनायचं. उलटं बोलायचं न्हाय. दिवस हाय म्हनले तर दिवस, रात हाय म्हनले तर रात."

माझ्यावर आयुष्यात सोपवलेली ही पहिली कामगिरी. मी ती फारच मनावर घेतली.

दाजींनी तयारी हाती घेतली. त्यांचं म्हणणं असं की कोकण म्हणजे घाट, आणि घाट म्हणजे चढ. म्हणून महिनाभर दर रविवारी आम्ही तिघं रेल्वेच्या पुलाचा चढ चढत होतो, कॅरियरवर ज्वारीचं पोतं बांधून. सोलापुरात चढ म्हणावा असा तेवढाच. मित्राने एकदा विचारलं, "घाट चढायचा का उतरायचा, हे कुणाला विचारलं का?" दाजींनी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "घाट म्हणजे चढच की."

एकदा मित्राने ब्रेकचा विषय काढला. आमच्याकडे सायकलला ब्रेक असे ते शोभेचे. रबरं झिजली की बदलायची असतात हेच कुणाला माहीत नव्हतं, कारण गावच सपाट. थांबायचं असेल तर पाय टेकायचा. दाजी म्हणाले, "चढाला बिरेक कशाला लागतो?" मी म्हणालो, "बरोबर हाय."

आणि पाणी. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, पण आमच्या डोक्यातून गेला नव्हता. परगावी जायचं म्हणजे पाणी बरोबर. दाजींनी प्रत्येकाला पाच लिटरचा तेलाचा जुना डबा दिला, पाणी भरून, फडक्याने झाकण घट्ट बांधून. तेलाचा वास शेवटपर्यंत गेला नाही. ज्वारीच्या पोत्याची जागा डब्याने घेतली आणि आम्ही निघालो.

मंगळवेढा, सांगोला, विटा, कऱ्हाड. सगळी वाट दाजी पुढे. माझं काम त्यांच्या मागे राहून 'व्हय' म्हणायचं. ते म्हणाले वारा पाठीमागून आहे. वारा तोंडावर येत होता, डोळ्यांत धूळ जात होती. मी म्हणालो, "पाठीमागूनच हाय." ते म्हणाले हा रस्ता जवळचा. तो एका मळ्यात जाऊन विहिरीपाशी संपला. मी म्हणालो, "जवळचा हाय, फक्त संपला." मित्र माझ्याशी बोलेनासा झाला. मी काय करतोय हे त्याला माहीत होतं, पण सहन होत नव्हतं. जेवायला बसलो की तो मुद्दाम विचारायचा, "ह्या भाकरीला भाकरीच म्हणायचं ना? विचार बाबा दाजींना."

बहिणीचा विषय मी तीनदा काढला. पहिल्यांदा दाजींनी चेन बघायला घेतली. दुसऱ्यांदा म्हणाले, "शबुद म्हंजे शबुद." तिसऱ्यांदा मी सांगोल्याच्या पुढे, उतारावर, ते खुशीत शीळ घालत असताना म्हणालो, "दाजी, सातवा लागला न्हवं?" शीळ थांबली. पुढचे दहा मैल त्यांच्या पाठीकडे बघत गेलो.

कऱ्हाड सोडलं आणि झाडी सुरू झाली. पाटणच्या पुढे ती दाट झाली, दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आली. आम्हाला झाड म्हणजे शेताच्या बांधावर एकटं उभं असलेलं बाभळीचं ठाऊक. इतकी झाडं एकाच ठिकाणी कशाला, असं दाजींना वाटलं, आणि मीही म्हणालो की कशाला. मग पाणी दिसायला लागलं. डिसेंबर महिना, आणि कातळावरून पाणी आपलं आपलं ओघळतंय, गटारात जातंय, आणि कुणीही भांडं लावत नाही. मित्र म्हणाला, "आता तरी डबे ओतून टाकू." दाजी थांबले. मीही थांबलो. खरं सांगतो, त्या वेळी मला 'व्हय' म्हणायचं नाटक करावं लागलं नाही. पाणी ओतून टाकायचं हे माझ्या हाताला जमेना. मित्राने झाकणाचं फडकं सोडलं, डबा तिरपा केला, आणि पुन्हा सरळ करून फडकं बांधलं. तीन डबे पाणी घेऊन आम्ही ओल्या रस्त्याने पुढे निघालो.

कोयनेच्या पुढे हेळवाक लागलं. दाजी दर वळणाला म्हणत होते, "आता चढ येनार. तयार ऱ्हावा." चढ काही येईना. मग कुंभार्लीची खिंड आली. दाजी सायकलवरून उतरले.

खाली जमीनच नव्हती. म्हणजे होती, पण फार खाली, धुक्यात. रस्ता एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला काही नाही, असा वळत वळत खाली उतरत गेला होता. आम्ही राहत होतो तो सगळा मुलूखच उंचावर होता आणि कोकण खाली होतं, हे आम्हा तिघांपैकी कुणालाही माहीत नव्हतं. शाळेत शिकवलं असणार. महिनाभर पोतं बांधून ज्या चढाची तालीम केली तो उतार होता, आणि तिन्ही सायकलींना ब्रेक नव्हते.

मग दाजी म्हणाले, "उतार हाय."

मी म्हणालो, "व्हय."

हे त्या प्रवासातलं माझं पहिलं खरं 'व्हय'. मित्र रस्त्याच्या कडेला दगडावर बसून हसायला लागला आणि त्याला ते थांबवता येईना.

दाजींनी मात्र हार मानली नाही. पाय लावत लावत उतरू म्हणाले, आणि निघालेसुद्धा. पहिल्या वळणाला त्यांची चप्पल रस्त्याला घासून धूर येताना मी स्वतः बघितलं. दुसऱ्या वळणाला चप्पल मागे राहिली आणि टाच पुढे गेली. ते आडवे एका करवंदीच्या जाळीत शिरले म्हणून वाचले. आम्ही सायकली हातात धरून पळत गेलो. टाच लाल झाली होती. मी डबा उघडला आणि सोलापूरपासून सहा दिवस ओढत आणलेलं पाणी त्यांच्या टाचेवर ओतलं. पाच लिटर. दाजी डोळे मिटून म्हणाले, "बघा. म्हनूनच आनलं होतं."

एक ट्रकवाला थांबला. त्याने तिघांकडे आणि तीन सायकलींकडे बघून घेतलं, आणि सांगितलं की झाडाची मोठी फांदी मागे बांधा, ती ओढत गेली की सायकल आवरते. मित्र विणकर, गाठ मारणं त्याच्या हाडात. त्याने डबे बांधलेल्या सुतळीने पानांसकट तीन फांद्या अशा बांधल्या की नंतर त्या सोडवता येईनात. आम्ही कुंभार्ली घाट त्या फांद्या ओढत उतरलो. मागे लाल धुळीचा लोट. समोरून येणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून डोकं काढून बघत होती. घाट संपला तिथे एका बाईने आम्हाला थांबवून विचारलं, जळण विकायचं आहे का. दाजी म्हणाले, "न्हाय, आमचा बिरेक हाय त्यो." बाई दोन पावलं मागे सरली.

चिपळूणला सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार बैठक मारून बसला होता. त्याने माझी सायकल बघितली, मित्राची बघितली, नवीन रबरं बसवतो म्हणाला. मग दाजींची बघितली. चाक फिरवलं. नळीवर टिचकी मारली. लग्नातला काळा रंग आता निम्मा उडाला होता, खालून हिरवा दिसत होता.

"हिला काय करायचं?" तो म्हणाला. "हे भंगार कुठून आणलंत?"

मी मनात म्हणालो, संपलं सगळं. दोन वर्षं दाजी जे म्हणत होते तेच या परक्या माणसाने दुकानात बसून म्हटलं होतं. आता मी 'व्हय' म्हणायचं की नाही हे मला कळेना.

दाजींचा चेहरा लाल झाला. "भंगार कुनाला म्हनता? आमच्या सासऱ्यानं वीस वर्सं चालवलीय ती. त्यांच्या हातची सायकल हाय. सोलापूरपासनं हितवर एक आरा तुटला न्हाय. तुमच्या कोकनात घाट उलटा हाय, त्येला सायकल काय करनार?"

आणि सायकल ओढून बाहेर काढली. दुरुस्ती करून घेतली नाही. आमच्या दोघांच्याही करू दिल्या नाहीत. त्या माणसाच्या हातची रबरं नकोत म्हणाले. आम्ही पुन्हा ब्रेकशिवायच निघालो.

गावाबाहेर आल्यावर ते सायकलवर बसले नाहीत, लंगडत चालत राहिले. मग एकदम म्हणाले, "मंग मामा आता गिरनीत कशावर जातात?"

"चालत," मी म्हणालो.

"एवढं लांब?"

"तीन मैल हाय. पहाटं लवकर निघतात."

मी हे अगदी सहज सांगितलं. त्यात काही डाव नव्हता. वडील चालत जातात हे मला रोज दिसत होतं, पण का चालत जातात याचा मी दोन वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. मला तिथे रस्त्यात लाज वाटली. दाजी सायकल हातात धरून तसेच लंगडत पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुहागरला समुद्र दिसला. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर तो. आम्ही सायकली वाळूत ढकलत नेल्या, त्या रुतल्या, टाकून दिल्या आणि पळालो. दाजी फोड आलेली टाच घेऊन सगळ्यांत पुढे. पाण्यात गुडघाभर गेले, ओंजळ भरली, प्यायले, आणि थुंकले.

"खारट हाय की," ते म्हणाले. शाळेत हेही शिकवलं असणार.

ते कमरेवर हात ठेवून समुद्राकडे रागाने बघत उभे राहिले. एवढं पाणी, आणि एक तांब्या उपयोगाचा नाही. सोलापूरच्या माणसाची याहून मोठी फसवणूक होऊ शकत नाही. मी म्हणालो, "व्हय दाजी, लई फसवलं." ते माझ्याकडे वळले.

"तुमी समद्याला व्हय का म्हनता? निघाल्यापासनं बघतोय. वारा तोंडावर होता तवा बी व्हय. आईनं सांगितलं न्हवं?"

मी सवयीने म्हणालो, "व्हय."

ते हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. त्यांचे वरचे दोन दात थोडे पुढे होते हे मला तेव्हा कळलं. मग लाटेत बूड टेकून बसले आणि म्हणाले, "पाठवतो तिला. पर मी सोता येऊन सांगनार. मामांच्या म्होरं. आत जाऊन."

मला इतका आनंद झाला की मी मित्राला पाण्यात ढकललं. त्याला पोहता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. दाजींनी दोघांना कॉलरला धरून काढलं.

परतीला घाट खरोखरच चढ होता. आमची महिनाभराची तालीम आता कामाला येणार होती. दाजींनी घाटाकडे एकदा वर बघितलं आणि तिन्ही सायकली एसटीच्या टपावर चढवल्या. कऱ्हाडपर्यंत बसून आलो. तिथून पुन्हा पायडल.

आणि कऱ्हाडपासून भाषण सुरू झालं. मामांच्या समोर काय बोलायचं याची दाजी सायकलवर तालीम करायला लागले. विट्याला ते भाषण पाच मिनिटांचं होतं: मी मोठ्या मनाने सगळं विसरलो आहे, तुमच्या लेकीला पाठवत आहे. सांगोल्याला त्यात समुद्र आला. मंगळवेढ्यापर्यंत चिपळूणचा दुकानदार आला, आणि जावई हा मुलासारखा असतो, हेही आलं. वाटेत मेंढरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी सगळं ऐकवलं आणि कसं वाटलं विचारलं. तो म्हणाला, "बरं हाय की. पर लई लांबलंय. पोरगी बाळंत हुईल तवर." दाजींनी त्यातलं एक अक्षर कमी केलं नाही.

बाराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही गल्लीत शिरलो. मित्र त्याच्या घरी वळला. दाजींनी ओट्यापाशी सायकल लावली, केसांवरून पाण्याचा हात फिरवला, घसा साफ केला आणि दार वाजवलं.

दार बहिणीने उघडलं.

ती सातव्या महिन्यातली, पोट सांभाळत, हातात भाजक्या शेंगांची वाटी. दाजी तिच्याकडे बघतच राहिले.

"तू हितं कशी?"

"तुमी निगाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आले. पॅसिंजरनं. आत्यांनी सोता गाडीत बसवून दिलं." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई.

"पर मी म्हनलो होतो, पाठवनार न्हाय!"

"तुमी कुटं पाठवलं? तुमी समुद्राला गेला. मी माझ्या पायानं आले. तुमचा शबुद जागच्या जागी हाय." आणि शेंगांची वाटी पुढे केली.

दाजी ओट्यावर बसले. मी आत आईकडे गेलो. मला फार राग आला होता. बारा दिवस मी वाऱ्याची दिशा बदलत होतो ते कशासाठी? आई भाताला फोडणी देत होती.

"तुझं काम त्यास्नी लांब न्यायाचं होतं," ती म्हणाली. "त्ये केलंस की."

"मग मला खरं का सांगितलं नाहीस?"

"त्यास्नी कुटलीबी गोष्ट न्हाय म्हनायची न्हाय असं तुला बजावलेलं. त्यांनी 'तिला आनायचा डाव हाय का' म्हनून इचारलं असतं, तर तू व्हय म्हनला असतास."

मी तसाच बाहेर आलो. दाजी हातात चार शेंगा घेऊन बसले होते, एकही सोलली नव्हती. एवढं लांबवलेलं भाषण, आणि द्यायला जागा राहिली नव्हती. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला वडील दिसले. गिरणीतून येत होते, डबा हातात, चालत.

दाजी उठले. शेंगा खिशात टाकल्या, सायकल स्टँडवरून काढली आणि लंगडत सामोरे गेले. त्यांना भेटायला मीही चार पावलं पुढे झालो. भाषण आता सुरू होणार असं वाटलं. दाजींनी तोंड उघडलं आणि एवढंच म्हणाले, "मामा, सायकल चांगली हाय. बसा मागं, घरापतुर सोडतो."

वडिलांनी जावयाच्या टाचेकडे बघितलं. मग सायकलकडे बघितलं, हँडलवर हात ठेवला. "तुमी दमलाय," ते म्हणाले. "तुमी मागं बसा. मी चालवतो."

डबा दाजींकडे दिला, धोतर खोचलं आणि टांग मारली. पहिले दोन हिसके बसले, मग सायकल सरळ चालायला लागली. मागे कॅरियरवर डबा पोटाशी धरून दाजी. बहीण दारात येऊन उभी राहिली, आई हातात पळी घेऊन तिच्यामागे. आम्हाला वाटलं, आता थांबतील. वडील घरासमोरून गेले, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि पिठाच्या गिरणीवरून मोठ्या रस्त्याला लागले. भात निवला तरी दोघं परत आले नव्हते.